हिरव्यातला अनय

अंधेरी
२२ जून २०२४

शमे,

फोन करत नाही, कारण डॉक्टरने तुझं तोंड बंद केलंय आणि तुझ्या नवऱ्याने मला बजावलंय की तिला ‘हं’सुद्धा करायला लावू नकोस. इतकी वर्षं मैदानावर बोंबललीस, आता भोग. व्हॉट्सअॅपवर तू नुसता अंगठा पाठवतेस, त्याने माझं डोकं फिरतं. म्हणून हा मेल. दोघींनी सविस्तर लिहायचं. कबूल?

तर बाईसाहेब, तुमच्या ‘चपळ’ कंपनीचे पट्टे आले आमच्या शाळेत. मुख्याध्यापिका सुनंदा मॅडमनी नारळ फोडला. प्रत्येक पोराच्या मनगटावर त्याच्या नंबरचा काळा पट्टा आणि माझ्या हातात टॅब. टॅबवर प्रत्येकाचा चौकोन. पोरगं हललं नाही तर चौकोन राखाडी, हृदयाचे ठोके नीट वाढले की हिरवा, फार वाढले की लाल. जो जास्त वेळ हिरव्यात, त्याला पी.टी.चे जास्त मार्क. म्हणजे मार्क आता पट्टा देणार, मी नुसती पाटी धरून उभी. वर गेटवर मोठा स्क्रीन लावलाय, त्यावर कुठला वर्ग पुढे, कुठला मागे. आठवी ब शेवटून दुसरी. आणि आठवी ब माझी आहे, तुला माहितेय.

माझी टाळी बंद झाली गं. धावून आलेलं प्रत्येक पोर माझ्या हातावर टाळी द्यायचं, मी तो हात जरा वेळ धरायचे आणि तोंडाकडे बघायचे. कुणाचा हात गार पडलाय, कुणाचे ओठ पांढरे झालेत, लगेच कळायचं. बस खाली, पाणी पी, बाकीच्यांनी चला. सुनंदा मॅडम म्हणाल्या, मुलांना हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि आता टॅबवर सगळं दिसतंय की. नियमाला मी काय बोलणार?

माझ्या वर्गात दोन नमुने आहेत. एक समीक्षा, वेसाव्याची. बाप बोटीवर, आजी मासळी विकते, पोरगी गरिबांसाठीच्या पंचवीस टक्के मोफत जागांतून आमच्याकडे शिकते. बूट काढून पळते आणि वर मलाच विचारते, ‘मॅडम, अजून एक चक्कर मारू?’ दुसरा अनय. हुशार, गणितात पहिला, पण मैदानावर आला की भिंतीला धरून चालतो. सगळा तास राखाडी. परवा मी त्याच्यावर सगळ्यांदेखत खेकसले, ‘अनय, तुझ्या एकट्यामुळे अख्खा वर्ग खाली चाललाय!’ पोरं हसली. नंतर मलाच कसंतरी झालं, पण तो स्क्रीन रोज येता-जाता डोळ्यांत खुपतो ना.

घसा जप. गरम पाणी पी, चहा नाही.

तुझी
उत्तरा


मुलुंड
३० जून २०२४

उत्तरे,

कबूल. लिहिताना तरी घसा दुखत नाही.

तुझी टाळी मला आठवते. खो-खोच्या टीममध्येसुद्धा तू सगळ्यांचे हात धरत बसायचीस आणि सर ओरडायचे. पण एक सांगू? तू एका पोराचा हात धरतेस तेव्हा बाकीचे साठ काय करतायत ते तुला दिसतं का? मला कधीच दिसलं नाही. मी नुसती ओरडत राहिले, आणि बघ माझं काय झालं. आता शिट्टी फुंकायचीसुद्धा बंदी आहे. हे पट्टे तेव्हा असते तर आज मी बोलत असते. म्हणून मी ही नोकरी घेतली आणि म्हणून मी जीव तोडून शाळाशाळांत फिरते. ही नुसती विक्री नाहीये गं.

तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलं तेच परत सांगते. टॅबकडे बघायची सवय कर. सुरुवातीला मान सारखी वर जाते, ती जाऊ देऊ नकोस. राखाडी पोरांना ढकल, त्यांच्यासाठीच हे सगळं आहे. लालला घाबरू नकोस. शेवटच्या टप्प्यात लाल होणं चांगलं, म्हणजे पोरगं जोर लावतंय.

दुसऱ्या शाळांत किरकोळ तक्रारी येतात, चार्जिंग टिकत नाही वगैरे. तुझ्याकडे काही झालं तर थेट मला लिही, वर नको. आमचा साहेब, यज्ञेश सर, फार डोकं खातो.

शमी


अंधेरी
२८ ऑगस्ट २०२४

शमे,

चमत्कार! अनय हिरवा झाला.

थट्टा नाही. जुलैच्या मध्यापासून पोरगं रोज हिरव्यात. नुसतं हिरव्यात नाही, वर्गात पहिलं. तू सांगितलंस तशी मान खालीच ठेवते, सगळं टॅबवरच बघते. आठवी ब गेटवरच्या स्क्रीनवर वर सरकली, सुनंदा मॅडमनी त्याचा फोटो लावला, खाली ‘राखाडीतून हिरव्याकडे’. त्याची आई रेवती शाळेत आली, बँकेत आहे ती. माझे हात धरून म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही माझ्या मुलाला माणसात आणलंत.’ मी आपली फुशारून गेले. आता तुमच्या कंपनीने डिसेंबरच्या विक्रोळीच्या शर्यतीसाठी पोरं निवडलीत, टॅबनेच निवडलीत, त्यात अनयचं नाव पहिलं.

आणि समीक्षेची मात्र वाट लागलीय. सगळा तास राखाडी. मी मैदानाच्या एका टोकाला टॅब घेऊन, ती लांब त्या पार्किंगच्या बाजूला, मला पळताना दिसते तरी आकडे मेलेले. मी बोलावून विचारलं तर खी खी हसते. वर मलाच शिकवते, ‘मॅडम, अनयला धाप लागते, त्याला बसवत जा ना.’ मी म्हटलं, ‘त्याचे आकडे बघ आणि तुझे बघ, मग मला शहाणपण शिकव.’ मधल्या सुट्टीत दोघं एकत्र बसतात, तो तिला गणित शिकवतो. मैत्री झालीय, चांगलं आहे.

पण शमे, एक विचारायचं होतं. काल मी त्याला जिन्यात बघितलं. दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधी तो थांबला. कठड्याला टेकून उभा राहिला, तोंड उघडं. मला बघितलं तसा घाईने वर गेला. वर्गात पहिला पळणारा पोरगा जिन्यात कसा थांबेल? तुमचं मशीन चुकतं का कधी? खरं सांग.

उत्तरा


मुलुंड
२ सप्टेंबर २०२४

उत्तरा,

मशीन चुकत नाही. आपले डोळे चुकतात, कारण आपण एखाद्या पोराबद्दल एकदा मत बनवलं की तेच बघत राहतो. तू जूनमध्ये त्याला लुळा ठरवलास, आता तो सुधारलाय हे तुला पचत नाहीये. राग मानू नकोस, माझंही असंच व्हायचं. आणि त्यांची दप्तरं बघितलीस का? त्या ओझ्याने मीसुद्धा जिन्यात थांबेन.

त्याला शर्यतीतून काढायचा विचार करत असशील तर करू नकोस. यज्ञेश सरांनी त्याची गोष्ट सगळ्या शाळांना दाखवलीय. तुझ्या शाळेचं नाव झालंय, माझंही. माझा रिव्ह्यू याच महिन्यात आहे. आता तू नाव मागे घेतलंस तर मी काय सांगू, मॅडमला जिन्यात काहीतरी दिसलं?

समीक्षेकडे लक्ष दे. या वयात मुली अचानक मैदानावरून मन काढून घेतात.

गणपतीत ये. आवाज नसला तरी मोदक करता येतात मला.

शमी


अंधेरी
१८ डिसेंबर २०२४

शर्मिष्ठा,

अनय गेला.

तुला कळलंच असेल, तुझी माणसं तिथे होती. पण मला कुणालातरी सांगायचंय आणि घरात मी तोंड उघडू शकत नाहीये, म्हणून लिहितेय.

शर्यतीच्या दिवशी सकाळी विक्रोळीच्या मैदानावर तुमच्या माणसांनी सगळ्या पोरांना नवे पट्टे बांधले, कुलपाचे, किल्लीशिवाय न निघणारे. अनय त्या टेबलापाशी उभा राहून पट्टा ओढून बघत होता. मग माझ्याकडे आला. म्हणाला, ‘मॅडम, मला नाही पळायचं. मला नाही जमणार.’ मी म्हटलं, ‘अरे, सगळ्यांना असंच वाटतं शर्यतीआधी. तू आपला हिरवा हिरो आहेस ना?’ मी टॅबवर त्याचे एवढ्या महिन्यांचे आकडे काढले आणि त्यालाच दाखवले. बघ, म्हटलं, हे कोण पळालंय मग? तो त्या आकड्यांकडे बघत राहिला आणि काहीतरी बोलायला गेला. तेवढ्यात नाव पुकारलं. मी त्याची पाठ थोपटली आणि पाठवला.

मी शेवटच्या रेषेवर होते. मान खाली, टॅबकडे. त्याचा चौकोन हिरवा झाला, मग लाल झाला. मला आनंद झाला, शर्मिष्ठा. मी शेजारच्या शाळेच्या सरांना म्हटलं, बघा, जोर लावतोय. मग चौकोन राखाडी झाला. मला वाटलं नेटवर्क गेलं. मी टॅब झटकला, बंद करून चालू केला, परत झटकला. लोक धावायला लागले तेव्हा मी मान वर केली. तो माझ्यासमोरच पडला होता. मी नुसतं बघितलं असतं तरी दिसला असता.

मी त्याचा हात धरला. कितीतरी वेळ धरून बसले. हॉस्पिटलात सांगितलं, हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड होता, कुणाला माहीत नव्हतं. धावायलाच नको होतं याने, म्हणाले.

मला एवढंच सांग, जो मुलगा पाच महिने रोज पळला तो त्या दिवशीच कसा गेला? लवकर लिही.

उत्तरा


मुलुंड
३ जानेवारी २०२५

प्रिय उत्तरा,

उशीर झाला, माफ कर. आमच्याकडे रोज मीटिंगा चालू आहेत आणि मला काही लिहू नका असं सांगितलं होतं. तरी लिहितेय, कारण तुला हे माझ्याकडून कळावं.

कंपनीने शर्यतीचे आकडे आणि आधीचे आकडे शेजारी ठेवून बघितले. ते दोन वेगळ्या मुलांचे आहेत; त्याचे शर्यतीतले ठोके समीक्षेच्या नावावर साठलेल्या आकड्यांशी जुळतात. जुलैपासून अनयचा पट्टा समीक्षेच्या हातावर होता आणि तिचा त्याच्या. तो भिंतीला धरून चालायचा आणि ती त्याच्या नावावर पळायची. एवढंच आहे ते.

नीट ऐक आता. अशी अदलाबदल पोरं करतातच, त्यात कुणाचा दोष नाही, पण इथे एक मुलगा गेलाय, तेव्हा दोष कुणाचातरी असावा लागणार. शाळा आणि कंपनी मिळून कागद तयार करतायत की एका विद्यार्थिनीने फसवणूक केली, त्यामुळे शिक्षिकेची आणि यंत्राची दिशाभूल झाली. पालकांची सभा होईल तेव्हा तू एवढंच म्हण की मला माहीत नव्हतं. हे खरंच आहे ना? तुझी नोकरी वाचते. मुलगी लहान आहे, तिला पोलीस वगैरे काही करणार नाहीत, फक्त शाळेतून काढतील.

जेवत जा. मी तुझ्या बाजूची आहे.

शमी


अंधेरी
७ जानेवारी २०२५

शर्मिष्ठा,

मी काल वेसाव्याला गेले होते. समीक्षेचं घर शोधायला वेळ लागला नाही, गल्लीत सगळ्यांना माहीत झालंय. आजी सोनूबाई दारात बसून बोंबील साफ करत होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, ‘बाय, पोरीनं चार दिस घास घेतला नाय. तुमी आता काय घ्यायला आलाव?’ मी चपला काढून तिथेच पायरीवर बसले.

समीक्षा आतून आली. शाळेचा युनिफॉर्म घातला होता तिने, शाळेत जात नव्हती तरी. मी विचारलं, पट्टे का बदलले गं? तर म्हणते, ‘तो संडासात जाऊन रडायचा, मॅडम. सगळे त्याला राखाड्या म्हणायचे. मला काय, मी तशी पण पळतेच. मी म्हटलं, तुझा मला दे, मी पळवते. आमच्या घरी पी.टी.चे मार्क कोण बघतंय?’ बदल्यात तो तिला गणित शिकवायचा. दोघांना वाटलं, कुणाचं काही बिघडत नाही. शर्यतीत नाव आलं तेव्हा त्याची टरकली. सांगून टाकू म्हणाला. ही म्हणाली, सांगितलंस तर तुझा फोटो काढतील, तुझ्या आईला काय वाटेल. तिथेपण पट्ट्यावरच मोजणार, तर तिथेपण बदलू, मी गेटपाशी येऊन थांबते. ती आली होती गं त्या दिवशी विक्रोळीला. तिला आत सोडलं नाही.

बाप, बळवंत, कोपऱ्यात बसला होता. तो एकच वाक्य बोलला. ‘आमची पोर खुनी हाय असा कागद येणार काय?’

आता तुझ्याबद्दल. ‘पोरं करतातच’ असं लिहिलंस तू. करतातच म्हणजे? तुला कसं माहीत? आणि कुलपाचे पट्टे तुमच्याकडे होते, म्हणजे कुणीतरी ते मुद्दाम बनवले होते. कशासाठी बनवले होते? मी ऑगस्टमध्ये तुला स्पष्ट विचारलं होतं, मशीन चुकतं का. तू मला माझ्या डोळ्यांबद्दल व्याख्यान दिलंस.

सभा या महिन्याच्या शेवटी आहे. तू ये. बोलता येत नाही, ठीक आहे, लिहिता येतं ना? चार ओळी लिहून आण की पोरं पट्टे बदलतात हे कंपनीला आधीपासून ठाऊक होतं. त्या पोरीच्या कपाळावर हे लागलं तर ते जन्मभर निघणार नाही. एवढंच मागतेय तुझ्याकडे.

उत्तरा


मुलुंड
१० जानेवारी २०२५

उत्तरा,

हो, ठाऊक होतं. मागच्या वर्षी, तुमच्याकडे पट्टे यायच्या आधीच, इथल्या एका शाळेत पोरांनी वर्गच्या वर्ग पट्टे बदलले होते. मी रिपोर्ट दिला. यज्ञेश सर म्हणाले, कुलूप महाग पडतं, शर्यतीपुरतं लावू, रोज कोण मरतंय त्याने. तेव्हा आम्ही सगळे हसलो. मीपण.

तू विचारलंस तेव्हा मी ते लिहायला घेतलं होतं. मग पुसलं. वाटलं, एका पोराचे आकडे जरा चढले तर काय होतंय?

मी येणार नाही. मला दुबळी म्हण, काय वाट्टेल ते म्हण. आवाज नसलेल्या पी.टी. टीचरला दुसरं कोण उभं करेल? ऑपरेशन अजून व्हायचंय, ते कंपनीच्या विम्यावर आहे. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, हे मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही.

मुलीला दुसऱ्या शाळेत घालायला मी मदत करीन. हळूहळू लोक विसरतात गं.

शमी


अंधेरी
२ फेब्रुवारी २०२५

शर्मिष्ठा,

सभा झाली. तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

मी उभी राहिले आणि सगळं बोलले. अनयने मला नाही पळायचं असं सांगितलं होतं, ते. समीक्षेने मला त्याला धाप लागते म्हणून सांगितलं होतं आणि मी तिला गप्प बसवलं, तेही. आणि तुझं नाव घेतलं. पट्टे बदलतात हे मुलुंडला शर्मिष्ठाला कळलं होतं आणि तिने तसं वर लिहून दिलं होतं, असं नावानिशी सांगितलं. यज्ञेश सर तिथेच बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, त्या मॅडम आजारी रजेवर आहेत, त्यांची मनःस्थिती ठीक नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. तुझ्याबद्दल असं बोलतात ते, एवढं तुला कळावं.

मला काढलं. ते ठीकच आहे, मी त्याबद्दल रडणार नाही. पण मला वाटलं होतं, मला काढलं की पोरगी सुटेल. तसं झालं नाही. त्यांना दोघी हव्या होत्या. तिच्या दाखल्यावर शेरा मारायचं चाललं होतं. बळवंत उठला, म्हणाला, शेरा न मारता द्या, आम्ही आजच नेतो. दिला. सुनंदा मॅडमनी त्याला चहा विचारला.

अनयची आई रेवतीही आली होती. बाहेर पडताना समीक्षेसमोर थांबली. मी घाबरले, वाटलं आता मारते की काय. तिने फोन काढला. पालकांना तुमचं ते अॅप असतं ना, मुलाचे ठोके दाखवणारं. म्हणाली, ‘मी बँकेत रोज हे उघडून बघायचे. बरं वाटायचं. हे सगळे तुझे होते?’ समीक्षेने मान हलवली. रेवतीने फोन पर्समध्ये ठेवला आणि गेली. त्या बाईने शिव्या दिल्या असत्या तरी समीक्षेला चाललं असतं गं.

आज मी पुन्हा वेसाव्याला गेले. पोरीचं नाव जवळच्या महापालिकेच्या शाळेत घातलंय, पण ती जात नाही. आम्ही खाडीच्या बाजूला गेलो, तिथे बोटवाल्या नाखवांची पोरं ओरडत पळत होती. ती एका उलट्या घातलेल्या होडीला टेकून उभी राहिली. पळणाऱ्या पोरांकडे बघत राहिली. मग विचारलं, ‘मॅडम, मी त्याच्यासाठी पळाले नसते, तर तो राखाडीच राहिला असता ना? मग तुम्ही त्याला बसवला असता ना?’

शर्मिष्ठा, त्या पोरीला महिनाभर झोप नाही ती एवढ्याचसाठी.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘बसवला नसता. तो राखाडी होता तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत ओरडले होते. अजून ओरडले असते. अजून पळवला असता. तो तेव्हाच, आपल्याच मैदानावर पडला असता. तू पळालीस म्हणून तो एवढे महिने जगला.’

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिचं समाधान करतेय की खरं बोलतेय, ते शोधत होती. मी खरं बोलत होते. ते तिला दिसलं, आणि मग ती माझ्यापासून दोन पावलं मागे सरली.

उत्तरा